काटा वेळेवर पडला पाहिजे



कॅमेऱ्यासमोर धरलंय ते नीट दिसतंय ना? मुठीत मावेल एवढा हा ॲल्युमिनियमचा भाग. एका बाजूला धनुष्यावर बसवायचा स्क्रू, दुसऱ्या बाजूला छोटा दुबेळका काटा आणि खाली लोंबणारा हा दोरा. कंपाउंड धनुष्य ओढताना बाण या काट्यावर टेकलेला असतो. खटका सुटला की काटा खाली जातो आणि बाणाला वाट मोकळी करून देतो. याला ड्रॉप-अवे रेस्ट म्हणतात. आज मी फक्त याच्या जुळवणीबद्दल बोलणार आहे. नेम, श्वास, एकाग्रता यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी हत्यारं जुळवणारा माणूस.

मी इंदूरला राहतो. गेली बारा वर्षं मुलांची कंपाउंड धनुष्यं लावून देतो, स्ट्रिंग बदलतो, बाण कापतो. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी कंपाउंडमध्ये जागतिक विजेतेपदं मिळवली. भारताची ती पहिली वैयक्तिक जागतिक विजेतेपदं. एक साताऱ्याची, दुसरा नागपूरचा. त्यानंतर माझा फोन जो वाजायला लागला तो अजून थांबलेला नाही. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा आहे, म्हणजे तो आणखी वाजणार. फोन करणारे बहुतेक आईवडील असतात. दोन-तीन लाखांचं सामान घरात आलेलं असतं आणि ते दुरुस्त करणारा माणूस जवळच्या चार जिल्ह्यांत नसतो.

ओजसनं अंतिम सामन्यात १५ बाणांत १५० गुण केले. म्हणजे ५० मीटरवरून पंधराही बाण आठ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात. समोरच्याचे १४९ झाले. एका गुणाचा फरक. हा आकडा लक्षात ठेवा, म्हणजे पुढे मी मिलीमीटरबद्दल एवढा का बोलतोय ते कळेल.

ज्यांनी कंपाउंड हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६९ साली अमेरिकेतल्या मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना याचं पेटंट मिळालं. धनुष्याच्या दोन टोकांना कॅम, म्हणजे लंबवर्तुळी चाकं. स्ट्रिंगशिवाय आणखी केबली. ओढायला सुरुवात केली की जोर लागतो, पण कॅम फिरून पलटला की वजन एकदम हलकं होतं. स्पर्धेत ६० पाउंडांपर्यंत परवानगी आहे, पण पूर्ण ओढल्यावर हातात पंधरा-वीस पाउंडच राहतात. आणि एका ठिकाणी पुढे ओढलंच जात नाही, खेळाडू त्याला वॉल म्हणतात. ही वॉल ध्यानात असू द्या.

आता हिशोब. खटका सुटल्यापासून बाण स्ट्रिंगमधून निघेपर्यंत स्ट्रिंग साधारण अर्धा मीटर पुढे जाते. बाणाचा शेवटचा वेग सेकंदाला ८५ ते ९० मीटर धरा. सरासरी वेग त्याच्या निम्मा. म्हणजे हा सगळा खेळ दहा-बारा मिलिसेकंदांचा. पापणी लवायला याच्या दहापट वेळ लागतो.

तेवढ्यात काट्याला दोन कामं करायची आहेत. सुरुवातीला बाणाला आधार द्यायचा आणि शेवटी नाहीसं व्हायचं. बाणाच्या मागच्या टोकाला प्लॅस्टिकची पिसं असतात, त्यांना व्हेन म्हणतात. त्यांची उंची आठ-दहा मिलीमीटर. बाण स्ट्रिंगमधून सुटतो त्या क्षणी व्हेनची पुढची टोकं रेस्टच्या दहाएक सेंटिमीटर मागे असतात. तेवढं अंतर कापायला आणखी एक मिलिसेकंद. त्याच्या आत काटा किमान दहा मिलीमीटर खाली गेलेला पाहिजे.

आणि इथे नाव फसवतं बघा. ड्रॉप म्हटलं की वाटतं, सोडला की पडला. बारा मिलिसेकंदांत कुठलीही वस्तू आपल्या वजनानं किती पडते? पाऊण मिलीमीटरसुद्धा नाही. दहा मिलीमीटर पडायला ४५ मिलिसेकंद लागतात, तोवर बाण धनुष्यापासून तीन मीटर पुढे गेलेला असतो. तेव्हा काटा पडत नाही, त्याला खाली आणावं लागतं. स्प्रिंगनं तरी नाहीतर दोऱ्यानं तरी. आणि जे आणावं लागतं त्याची वेळ आपल्याला लावावी लागते. काटा मध्यात आहे का, सरळ आहे का, हे सगळे बघतात. तो केव्हा वर येतो आणि केव्हा खाली जातो हे फार थोडे बघतात. माझ्याकडे येणाऱ्या धनुष्यांत जागा बहुतेक वेळा बरोबर असते. वेळ चुकलेली असते.

बांधणीचे दोन प्रकार. पहिल्यात दोरा केबलला बांधतात, ओढताना जी केबल खाली जाते तिला. ती दोऱ्याला खाली खेचते, दोरा काट्याला वर उचलतो. बाण सुटला की केबल परत वर जाते, दोरा सैल होतो, स्प्रिंग काट्याला खाली आपटते. दुसऱ्यात दोरा धनुष्याच्या पात्याला बांधतात आणि सगळं उलट चालतं. धनुष्य नुसतं टांगलेलं असताना दोरा ताणलेला असतो आणि काट्याला खाली धरून ठेवतो. ओढलं की पातं वाकतं, दोरा सैल होतो, स्प्रिंग काट्याला वर उचलते. सुटल्यावर पातं झटक्यात मागे येतं आणि दोरा काट्याला खाली ओढतो. यात काटा बाणाला जास्त वेळ आधार देतो. शिवाय स्ट्रिंग-केबली नव्या घातल्या तरी जुळवणी फारशी हलत नाही. लक्ष्यावर मारणाऱ्या मुलांना मी बहुधा हाच सुचवतो. अंगठ्यानं आधीच वर लावून ठेवायचाही एक प्रकार मिळतो, जंगलात शिकार करणाऱ्यांसाठी तो चांगला, आपल्याकडे त्याचं काही काम नाही.

कोणी म्हणेल, मग साधी ब्लेड रेस्ट का नको? पोलादाची पातळ पट्टी, हलणारा भाग नाही, दोरा नाही. बरोबर आहे. मोठमोठे खेळाडू ब्लेडवरच मारतात आणि ज्याच्या बाणाच्या व्हेन बारीक आहेत, हात स्थिर आहे, त्याला ती उत्तम. पण नवख्याच्या हातून बाण ब्लेडवरून घसरतो आणि व्हेन घासली तर दिसतही नाही. म्हणून मुलांना ड्रॉप-अवे घेऊन देतात. घेऊन देतात आणि दोरा बांधून कसा घ्यायचा ते कुणी सांगत नाही.

बऱ्हाणपूरकडची एक मुलगी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. पन्नास मीटरवर सहा बाण मारायची, पाच पिवळ्याच्या मधोमध आणि एक खाली, आठमध्ये. नेहमी खालीच. कधी सहापैकी एक, कधी बारापैकी एक, पण ठरलेला. तिचे प्रशिक्षक म्हणाले, शेवटच्या क्षणी ढिली पडतेस, मनात भीती आहे. चार महिने तिनं सोडण्याची पद्धत बदलली, खटका बदलला, रात्री डोळे मिटून ध्यान केलं. वडिलांनी पस्तीस हजारांचे नवे डझनभर बाण आणले. बाण खालीच. राज्याच्या निवडीत ती दोन गुणांनी राहिली. मग वडील तिला घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "दादा, एकदा धनुष्य बघा. नाहीतर विकूनच टाकतो, पोरीला झोप नाही."

मी मुलीला विचारलं, स्ट्रिंग कधी बदलली? पाच महिन्यांपूर्वी. खाली बाण जायला कधीपासून लागले? तिनं वही काढली. ही मुलगी प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची, शहाणी. स्ट्रिंग बदलल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून.

दोरा केबलला गाठ मारून बांधलेला होता, वरून आवळण नव्हतं. नवी केबल सुरुवातीला मेणामुळे गुळगुळीत असते. रोज शंभर-दीडशे वेळा ओढताना दोरा केबलला धरून खाली खेचला जातो आणि गाठ केसाकेसानं वर सरकते. केबलवर गाठीचा जुना वळ दिसत होता. गाठ त्याच्या चार मिलीमीटर वर गेलेली. म्हणजे दोरा चार मिलीमीटर लांब झाला म्हणा ना.

त्यानं काय होतं? काटा पूर्ण वर यायला उशीर होतो. तिच्या धनुष्यावर काटा अगदी वॉलला घट्ट भिडल्यावरच पूर्ण वर येत होता. घट्ट ओढून धरलं की बाण बरोबर. नेम धरताना खेच जराशी, दोन-तीन मिलीमीटर, सैल झाली की काटा मिलीमीटर-दीड मिलीमीटर खाली. पूर्ण ओढल्यावर बाणाचं मागचं टोक काट्यापासून साधारण ६६ सेंटिमीटर असतं. पुढचा आधार एक मिलीमीटर खाली गेला तर साध्या भूमितीनं पन्नास मीटरवर बाण साडेसात सेंटिमीटर खाली जातो. दहाचं वर्तुळ मध्यापासून चार सेंटिमीटर, नऊचं आठ. दीड मिलीमीटर म्हणजे सरळ आठमध्ये.

आता न्यायाची गोष्ट सांगतो. प्रशिक्षक खोटं बोलत नव्हते. ती खरंच किंचित ढिली पडत होती. पण तेवढं सगळेच पडतात. रेस्ट नीट लावलेली असती तर तिला त्याची किंमत एखाद्या मिलीमीटरची पडली असती, दोन गुणांची नाही. काटा वॉलच्या आधीच पूर्ण वर येऊन थांबलेला असला की शेवटची थोडी ढिलाई त्याच्यापर्यंत पोचतच नाही. दोष माणसाचा की यंत्राचा, असं विचारून भागत नाही. दोन्ही होते, आणि यंत्राचा भाग अर्ध्या तासात काढता येण्यासारखा होता.

वडिलांनी एवढंच विचारलं, "म्हणजे ते बाण घ्यायला नको होते?" बाण चांगले होते, वापरता येतील, असं मी म्हणालो. ती निवड मात्र गेली ती गेलीच.

आता कसं लावायचं. आधी एक ताकीद. बाण न लावता धनुष्य ओढून सोडायचं नाही, पाती फुटतात, डोळा जातो. हे काम शक्यतो ड्रॉ बोर्डवर करा, म्हणजे फळीवर धनुष्य अडकवून हँडलनं हळूहळू ओढायचं. सुतार दोन तासांत बनवून देतो, चरखी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. बोर्ड नसेल तर बाण लावून, लक्ष्यासमोर तीन मीटरवर उभं राहून, खटक्यावर बोट न ठेवता ओढायचं आणि बघणाऱ्यानं बाजूला उभं राहायचं. पुढे नाही.

रेस्टला हात लावण्याआधी कॅम बघा. दोन्ही कॅम एकाच वेळी थांब्याला लागतात का? लागत नसतील तर आधी ते. कारण दोरा केबलला बांधलेला, कॅमसाठी केबल पिळली की रेस्टची वेळही हलते आणि सगळं परत करावं लागतं. मग जागा. बाण रेस्टच्या बोल्टच्या भोकासमोरून गेला पाहिजे, स्ट्रिंगशी काटकोनात, किंवा मागून मिलीमीटर-दोन मिलीमीटर वर. आडवं माप तुमच्या धनुष्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, बहुतेकांत बाणाचा मध्य राइझरपासून वीस-एकवीस मिलीमीटरवर येतो. तिथून सुरुवात करा. यात फार वेळ घालवू नका.

वेळेवर घालवा. केबलला बांधायची असेल तर दोरा आधी छोट्या चिमट्यानं किंवा सरकगाठीनं तात्पुरता लावा. हळू ओढा. वॉलपासून एक-दोन इंच आधी काटा पूर्ण वर यायला हवा आणि पुढचा इंचभर तिथेच थांबायला हवा. त्याहून उशिरा आला तर वर सांगितलेली गोष्ट होते. फार लवकर आला तर? काटा थांब्याला लागला, केबल अजून खाली जातेय, दोरा तिला धरून ठेवतोय. दोरा केबलला बाजूला खेचतो, गाठीवर ताण येतो, एक दिवस तुटतो. शिवाय सुटल्यावर दोरा उशिरा सैल होतो, काटा उशिरा खाली येतो आणि व्हेन त्याला आपटतात. जागा मिळाली की केबलचे पदर बो प्रेसमध्ये उघडून त्यातून दोरा ओवा, किंवा गाठीच्या वर आणि खाली सर्व्हिंगच्या धाग्यानं आवळून घ्या. नुसत्या गाठीवर सोडू नका. सुपरग्लूवर तर मुळीच नाही, मी ती कलाकारीही पाहिली आहे.

पात्याला बांधायची असेल तर धनुष्य टांगलेलं असताना काटा पूर्ण खाली टेकला पाहिजे आणि दोरा जेमतेम ताठ असला पाहिजे, सतारीच्या तारेसारखा नको. सैल असेल तर सुटल्यावर काटा अर्धवटच खाली जाईल. अति ताठ असेल तर दोरा आणि रेस्टचा दांडा दोघंही प्रत्येक बाणाला मार खातात. ओढताना काटा पूर्ण वर आला की नाही तेही बघाच.

आता एक खूण करा. बारीक टोकाचा व्हाइटनर घ्या. काटा पूर्ण वर असताना त्याच्या दांड्यावर आणि शेजारच्या घरावर मिळून एक सरळ रेघ मारा. दोन्ही अर्धे जुळले म्हणजे काटा वर आहे. दुसरी खूण गाठीच्या कडेला केबलवर. रोज सराव सुरू करण्याआधी मित्राला म्हणायचं, मी ओढतो, तू रेघ बघ. आधी हलकं धरून, मग वॉलला दाबून. दोन्ही वेळा जुळली पाहिजे. एवढ्या पाच सेकंदांच्या कामात त्या मुलीचे चार महिने वाचले असते. ती आता स्वतःच करते आणि क्लबातल्या बाकीच्यांचंही बघते.

व्हेन लागते का हे कसं ओळखायचं? काट्याच्या दोन्ही टोकांवर लिपस्टिक लावा, दोन-तीन मीटरवरून बाण मारा, व्हेन आणि शाफ्टचा मागचा भाग बघा. पांढऱ्या व्हेनवर लाल रेघ उमटली की उत्तर मिळालं. आईची महागाची लिपस्टिक नको, काजळही चालतं.

लोक विचारतात, फोनच्या स्लो मोशनमध्ये दिसेल की. हिशोब करा. सेकंदाला २४० चित्रं म्हणजे चार मिलिसेकंदांना एक. सगळा प्रकार बारा मिलिसेकंदांचा. तीन चित्रं मिळतील, त्यातलं हवं ते नेमकं नसेल. ९६० चित्रांच्या फोनवर थोडं कळतं. लिपस्टिक स्वस्त आणि खरी.

मग कागद. चौकटीत जुनं वर्तमानपत्र ताणून लावा, दोन मीटरवरून त्यातून बाण मारा, मागे लक्ष्य ठेवा. टोकाचं भोक आणि व्हेनच्या चिरा एकाच जागी आल्या तर उत्तम. शेपूट वर फाटलं तर बाण मागून वर उचललेला उडतोय. रेस्ट अर्धा मिलीमीटर वर घ्या, परत मारा. फाट कमी झाली तर त्याच दिशेनं पुढे. आता नीट ऐका. रेस्ट दोन मिलीमीटर हलवूनही फाट तशीच राहिली तर हलवणं थांबवा. तो जागेचा प्रश्न नाही. काहीतरी घासतंय किंवा काटा वेळेवर जात नाहीये. मी अशी धनुष्यं पाहिलीत जिथे मुलानं रेस्ट वरखाली करून करून स्क्रूचे आटे झिजवलेत आणि दोरा सहा मिलीमीटर आखूड, तो तसाच.

शेवटची चाचणी विनाव्हेनच्या बाणाची. वीस मीटरवर तीन व्हेनवाले आणि एक बिनव्हेनचा. बिनव्हेनचा खाली लागला तर शेपूट वर उडतंय, रेस्ट किंचित वर घ्या. वर लागला तर उलट. डावी-उजवीकडची चूक रेस्टवर ढकलण्याआधी मूठ बघा, राइझरला पीळ देणारी मूठ रेस्ट हलवून सुधारत नाही. चारही बाण जवळजवळ आले की थांबा. इथे काही मुलं वेडी होतात, महिनाभर एकाच भोकात बाण घालायचा प्रयत्न करतात. तो महिना सरावाला द्या.

प्रवासाला जाताना दोन दोरे कापून, मापानं बरोबर ठेवा. बादफेरीत एका बाणाला वीस सेकंद असतात आणि तुमचा दोरा तुटला म्हणून घड्याळ थांबत नाही. सुट्या दोऱ्यावरही गाठीच्या जागी खूण करून ठेवा, म्हणजे मोजत बसावं लागणार नाही. टोकं जाळून गोळा करावी लागतात, नाहीतर धागे सुटतात. ते घरीच करा, लायटर विमानात नेऊ देत नाहीत. आणि पावसात खेळलात तर रात्री दोरा पुसून, वाळवून, सकाळी रेघ परत बघा. आता प्रश्न घेऊ. कुणी धनुष्य आणलं असेल तर ते मात्र बाहेर व्हरांड्यात, इथे सभागृहात ओढायचं नाही.